तुझं भाषण मी करून आलो

श्रीरामपूर, जून

प्रिय दत्ता,

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू बोलू देत नाहीस. पत्र वाचताना निदान तीन-चार पानं तरी तुला गप्प बसावं लागेल. दिवाळीनंतर मी काहीच कळवलं नाही याचा राग आला असेल तर राखून ठेव, पुढे लागणार आहे.

तब्येत बरी. साखर आहे तेवढीच आहे, माझ्या रक्तात आणि धाकट्या भावाच्या उसाच्या रानात.

तर मी भंडारदऱ्याला जाऊन आलो. सरांच्या मंडळींचं शिबिर. सर गेले तरी शिबिर चालू आहे, फक्त त्याचं बाळसं वाढलंय. यंदाचा विषय गोदावरी खोऱ्याचं पाणी, जागा धरणाच्या काठावर आणि तारखा नेमक्या काजव्यांच्या. पत्रिकेवर छापलं होतं, ‘चिंतन आणि भ्रमंती’. आपल्या वेळी शिबिर म्हणजे झेडपीच्या शाळेचे वर्ग, सतरंज्या, आणि मुकुंदाने करपवलेली खिचडी. इथे तंबू, तंबूत पंखा, सकाळी चहाला तीन प्रकार. नऊला समन्यायी पाणीवाटप, अकराला नौकाविहार. दुपारी राज्याची जलनीती, रात्री काजवे. मी पत्रिका वाचून इतका हसलो की हिने चष्मा काढून घेतला आणि स्वतः वाचली. मग तीही हसली आणि म्हणाली, “जा, नाहीतर घरात बसून मलाच जलनीती सांगशील.”

आता जागेची थट्टा मात्र मी करणार नाही. पावसाच्या तोंडावर धरण पार आत गेलेलं असतं, काठाला चिखलाच्या भेगा, मध्ये निळं पाणी, आणि पलीकडे रतनगड. त्याचं नेढं, कड्यातलं ते आरपार भोक, आपण कॉलेजात असताना चढून पाहिलं होतं, तू अर्ध्या वाटेत बसून ‘मी खालूनच वर्गसंघर्ष बघतो’ म्हणाला होतास. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या पायऱ्यांवर मी एक अख्खी सकाळ काढली, तेव्हा कुठलंही सत्र मी चुकवलं नाही असं सांगतो, पण ते खरं नाही. यंदा डिसेंबरात या धरणाला शंभर वर्षं होतील. १९१० ला काम सुरू, १९२६ ला पुरं. आमच्या आज्याचे ब्लॉक, म्हणजे कालव्याचं पाणी ठरवून दिलेलं उसाचं रान, त्याच पाण्यावर. प्रवरेवरच्या ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा कालवा निघाला आणि आमच्या पांढऱ्या रानात ऊस उभा राहिला, हे आम्ही पोथीसारखं ऐकत आलो.

झालं असं की दुसऱ्या दिवशीच्या सत्राला नगर-नाशिकची, म्हणजे खोऱ्याच्या वरच्या अंगाची, बाजू मांडायला चौघं तयार होते आणि खालच्या जायकवाडी धरणाकडचा, म्हणजे मराठवाड्याचा, एकही माणूस नव्हता. बोलावलेला वक्ता आलाच नाही. अध्यक्षांनी विचारलं, “मराठवाड्याची बाजू कोणी मांडेल का, चर्चा एकतर्फी नको.” सगळे पाण्याच्या बाटल्यांकडे बघायला लागले. आणि दत्ता, मी उठलो.

मी तुझं भाषण केलं. शब्द तुझे, क्रम तुझा, आणि हिची शपथ, मधेच उजव्या हाताचा अंगठा टेबलावर दाबायची ती तुझी सवयसुद्धा. इतकी वर्षं तू जालन्याकडच्या घनसावंगीहून येऊन माझ्या ओसरीत बसून जे डोक्यावर मारलंस ते सगळं धडाधड बाहेर आलं. जायकवाडी आधी ठरलं, १०२ टीएमसीचा, म्हणजे १०२ अब्ज घनफुटांचा, त्याचा नाथसागर जलाशय कागदावर भरला, आणि मग वर एकामागून एक धरणं वाढत गेली. २००५ चा जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा कोणी मराठवाड्याने भांडून घरी नेलेला नाही, तो अख्ख्या राज्याचा आहे, आणि तुटीच्या वर्षी खोऱ्यातल्या सगळ्यांनी तूट वाटून घ्यायची असं तो म्हणतो. कोणत्या धरणातून किती पाणी सोडायचं हे ठरवायला नेमलेल्या मेंढेगिरी समितीने हिशेब मांडला: १५ ऑक्टोबरला जायकवाडी ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडा. २०१६ ला उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरलं. तरी सोडायची वेळ आली की आमच्याकडचे कोर्टात आणि तुमच्याकडचे रस्त्यावर. मग कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढायच्या, नदीकाठची वीज तोडायची, पाणी उपसणाऱ्या मोटारींवर पोलीस बसवायचे, आणि कोरड्या पात्रातून प्रवरासंगमापर्यंत पाणी जाता जाता निम्मं वाळूने पिलं म्हणून पुन्हा दोघांनी बोंब मारायची.

टाळ्या पडल्या. एका पोराने उठून विचारलं, “सर, आपण कुठले, जालन्याचे का?”

मी म्हटलं, नगरकडचा, श्रीरामपूरचा. हॉल दोन क्षण गप्प आणि मग दुप्पट टाळ्या. तुला हसू आवरत नसेल. त्या क्षणी मला पहिल्यांदा तुझी आठवण आली आणि दुसऱ्यांदा धाकट्याची.

कारण कोणीतरी चित्रफीत काढली होती. मी घरी पोचायच्या आधी ती आमच्या चारीच्या, म्हणजे शेताला पाणी आणणाऱ्या पाटाच्या, ग्रुपवर. धाकट्याने त्याच रात्री फोन केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो एवढंच म्हणाला, “दादा, तुझी पेन्शन चालू आहे. आमचं कालव्याच्या पाण्याचं आवर्तन चालू राहील का ते बघ.” आणि ठेवला. सातबाऱ्यावर माझं नाव अजून आहे हे तो बोलला नाही, पण ते त्याच्या न बोलण्यातही होतं. दर वर्षी तो माझ्या वाट्याचे पैसे खात्यावर टाकतो, मी कधी विचारत नाही किती एकरांचे, आणि कसले हे तर दोघांनाही माहीत आहे.

इथवर फक्त गंमत असती तर मी तुला फोनच केला असता. पुढचं ऐक.

जेवणानंतरच्या सत्रात पंधरा मिनिटं ‘स्थानिकांचं मनोगत’ होतं. धरणाच्या वरच्या एका वाडीवरची बाई आली होती. साठीची असेल, पदर खोचलेला, माईक तोंडापासून लांब धरून बोलत होती म्हणून मागच्यांना काही ऐकू गेलं नसणार. मी पुढे होतो. तिचं म्हणणं सरळ होतं. पाऊस त्यांच्याकडे पडतो, घाटघरला तर पाच हजार मिलिमीटरच्या वर. धरण त्यांच्या दारात. आणि एप्रिल लागला की विहीर खडखडीत, वाडीवर टँकर. धरणातून चार पोरांनी मिळून इंजिन लावून पाणी उचललं की इंजिन जप्त. “तुम्ही खालचे आणि त्यांच्या खालचे भांडता,” ती म्हणाली, “आम्हाला एक इंजिन सोडवून द्या.” एवढंच. कोणालाच उत्तर सुचलं नाही. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि काजव्यांच्या गाड्या साडेसहाला सुटतील असं जाहीर केलं. जाताना तिने टेबलावरच्या न उघडलेल्या बाटल्या मागितल्या आणि पिशवीत भरल्या.

माझ्या भाषणात, म्हणजे तुझ्या भाषणात, ही बाई कुठेच नव्हती रे. तुझ्या नव्वद मिनिटांच्या कुठल्याच आवृत्तीत नव्हती. आमच्या पोथीत तर प्रश्नच नाही.

काजवे मात्र पाहिले. हिरड्या-सादड्याच्या झाडांवर लखलखाट होता, एका झाडाने विझायचं आणि शेजारच्याने पेटायचं. पण रस्ताभर गाड्यांची रांग, प्रत्येकाचे दिवे चालू, मोबाईलच्या बॅटऱ्या झाडांवर मारलेल्या. ज्याला काजवे बघायचेत त्यानेच उजेड आणलेला. आमच्या गाडीतले दोघं तिथेही पंप स्टोरेजवर वाद घालत होते: घाटघरला २५० मेगावॉटसाठी तेच पाणी गरज पडली की खाली कोकणात सोडतात आणि वीज स्वस्त असली की परत वर चढवतात. मला आपल्या दोघांची मैत्री आठवली. तेच पाणी, वर-खाली, आणि मधून मधून प्रकाश.

आता खरी अडचण. शिबिराचा ठराव लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. भाषण गाजलं ना. मसुद्यात मला असं लिहायचंय की धरणाच्या वरच्या गावांना प्यायचं आणि एका पिकाचं पाणी उचलायचा हक्क सगळ्यांच्या आधी मिळावा, आणि उरलेल्यात तूट पडली तर ती प्रवरेने आणि जायकवाडीने सारखी सोसावी. अकरा टीएमसीच्या धरणातून त्या वाड्यांना लागून लागून किती लागेल? आमच्या चारीची गळती त्याहून जास्त असेल. पण हे वाक्य लिहिलं की धाकटा एका बाजूने उठणार आणि तुझी माणसं दुसऱ्या बाजूने, ‘आधी आमचा अनुशेष’ म्हणत. प्रवरेवरचं निळवंडे धरण आठव. १९७० ला मंजुरी, कालव्याला पाणी २०२३ मध्ये. तिथल्या लोकांना मी ‘अजून थोडं थांबा’ कुठल्या तोंडाने म्हणू? आणि ठरावाखाली नाव, गाव, तालुका लिहायचाय. सातबाऱ्यावर आहे तेच नाव.

सही करू की नको हे मी तुला विचारत नाहीये. सही मी करणार, ते ठरलं. मला विचारायचंय ते असं की तू करशील का. टेलचा, म्हणजे पाण्याच्या खालच्या टोकाचा, माणूस पाहिजे सहीला. श्रीरामपूर आणि घनसावंगी एका कागदावर आले तर निदान ती ‘दुसरी बाजू कोण मांडणार’ची शोधाशोध तरी थांबेल. आणि आधीच सांगतो, तुझ्या थोरल्याने पैठणच्या डाव्या कालव्यावर सहा एकर ऊस लावलाय हे मला जाड्याने सांगितलंय. पंचवीस वर्षं ‘तुमचा ऊस आमचं पाणी पितो’ म्हणून माझ्या घरचा चहा प्यायलास तू! ठरावात ठिबकशिवाय ऊस नको असं एक वाक्य आहे. ते तुझ्यासाठी काढणार नाही.

वहिनींच्या गुडघ्याचं काय ठरलं? आमच्या इथे एक जण चांगला आहे असं सगळे म्हणतात, पण सगळे सगळ्यांबद्दल म्हणतात. नातीचं ऐकलं, दहावीला चांगले मार्क पडले, तिच्यासाठी वेगळं काही पाठवतो. घराच्या स्लॅबचं काम पावसाआधी उरकलं असेल अशी आशा. मुकुंदाकडे जायचं राहिलंच, तू गेलास तर माझा नमस्कार सांग आणि खिचडीबद्दल मी जे लिहिलंय ते सांगू नकोस.

मसुदा सोबत जोडलाय. वाच, लाल पेनाने वाट्टेल ते कर, फक्त वरच्या गावांच्या ओळीला हात लावायचा असेल तर इथे येऊन माझ्यासमोर लाव. वीस तारखेच्या आत. रविवारी येऊ नकोस, रविवारी धाकटा जेवायला येतो. किंवा थांब, रविवारीच ये.

तुझा,
विलास

ता. क. चित्रफीत तुला पाठवणार नव्हतो, पण जाड्या पाठवेलच. अंगठा बघ.