देखरेख आधी हवी

सरकार आणि बंडखोर यांच्यातील शांतता चर्चांवरचा आपला अग्रलेख वाचला. आधी विश्वास, मग देखरेख, हा त्यातला क्रम मात्र पटला नाही.

श्रीलंकेत २००२ साली सरकार आणि एलटीटीई ही तामिळ बंडखोर संघटना यांच्यात युद्धविराम झाला, नॉर्वे-स्वीडनसारख्या नॉर्डिक देशांचे निरीक्षक आले. ते उल्लंघनांची नोंद करत; रोखण्याचे बळ त्यांच्याकडे नव्हते. समुद्रावर तर फारच बिकट. मे २००६ मध्ये सातशेहून अधिक सैनिक नेणाऱ्या जहाजावर निरीक्षक असतानाही त्याच्या ताफ्यावर सी टायगर्सनी, म्हणजे एलटीटीईच्या सागरी दलाने, हल्ला चढवला. जानेवारी २००८ मध्ये करारच संपला.

इंडोनेशियातील आचे प्रांतात २००५ साली सरकार आणि बंडखोर यांच्यात शांतता करार झाला; तक्रारींची चौकशी करून निर्णय देण्याचा अधिकार निरीक्षकांना त्या करारातच मिळाला. त्सुनामीने दोन्ही बाजू हादरल्या होत्या, हे खरे. तरीही बंडखोरांनी चार टप्प्यांत ८४० शस्त्रे दिली, ती लोकांसमोर कापून निकामी केली गेली आणि त्याच टप्प्यांनी सैन्यही मागे हटले. विश्वास तिथे असा तयार झाला.

देखरेख वेळेवर नसली की भांडण वाढते, हे आम्हा किनाऱ्यावरच्यांना लगेच उमगते. बंदी असलेल्या पट्ट्यात पर्ससीनची (माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची) नौका दिसली, तरी गस्तीनौका येईपर्यंत ती निघून जाते आणि मग बंदरावर शब्दाने शब्द वाढतो.

म्हणून निरीक्षक कोण, त्यांना कुठे जाता येईल आणि त्यांचा अहवाल जनतेसमोर कधी येईल, हे चर्चेच्या पहिल्याच बैठकीत ठरले पाहिजे.

– एक मच्छीमार वाचक, हर्णै (ता. दापोली)