वारीची तयारी केवळ चालण्याने पुरी होत नाही

मा. संपादक,
स. न.

आषाढी वारीचे दिवस जवळ आले की पुण्यातील टेकड्यांवर आणि बागांमध्ये पहाटेपासून सराव करणाऱ्यांची गर्दी वाढू लागते. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटर अंतर पायी जाण्याची ही जिद्द मला मनापासून भावते. म्हणूनच रोज भरपूर चालले की पाय आपोआप बळकट होतात, हा रूढ समज तपासून पाहावा असे वाटते.

सपाटीवरील लांब चालीने पायांचा दम वाढतो. स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया वाढतात आणि पोटऱ्या लवकर थकत नाहीत. स्नायूंची जाडी व ताकद मात्र त्या मानाने फारशी वाढत नाही, कारण निरोगी माणसाला एकेका पावलासाठी आपल्या कमाल ताकदीचा थोडाच भाग वापरावा लागतो. वाढत्या वयात अधिक झिजतात ते जलद आकुंचन पावणारे तंतू, आणि ठेच लागल्यावर झटकन सावरण्यासाठी त्यांचीच गरज असते. नेमाने फिरायला जाणारे ज्येष्ठही जमिनीवरच्या पंगतीतून उठताना शेजाऱ्याचा खांदा धरतात, ते यामुळेच.

उताराची गोष्ट निराळी आहे. सिंहगड चढताना धाप लागते, पण मांड्या भरून येतात त्या उतरल्यानंतर, कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलत असतो. त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बळावते. आधी थोडा थोडा उतार पायाखालून गेला असेल, तर हा त्रास पुष्कळच कमी होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस स्नायूबळाचा व्यायाम सुचवला आहे. यातला पहिला भाग आपल्याकडे चांगला रुजला. दुसऱ्याकडे, विशेषतः साठीपुढच्या स्त्रियांच्या बाबतीत, फार दुर्लक्ष होते. हात न टेकता खुर्चीवरून सावकाश उठणे-बसणे किंवा कठड्याला धरून टाचा उचलणे, याला पैसा लागत नाही. जेवणात डाळ, उसळ, दूध यांतून पुरेशी प्रथिनेही हवीत. आपल्या आरोग्य पुरवणीने पालख्यांच्या प्रस्थानाआधी फिजिओथेरपिस्टकडून असे व्यायाम सचित्र छापावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे