संयुक्त विज्ञानपाठाचे स्मरणपत्र

सर्व सभासद शिक्षकांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ८ वाजता बडोद्यात सुरसागर तलावाच्या काठी आपल्या शाळांचे नववीचे विद्यार्थी आणि महाविद्यालयीन प्राध्यापक एकाच बाटलीतल्या हिरवट पाण्याचा मिळून अभ्यास करणार आहेत. २० अंश सेल्सिअसला लिटरभर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. उन्हात शेवाळ कर्बवायू शोषते आणि पाण्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) वाढतो, हे जीवशास्त्र की रसायनशास्त्र, असे मुले विचारतील. तो प्रश्न कोणीही घाईने आपल्याच विषयाकडे ओढू नये, ही आग्रहाची विनंती. तापमापक व लिटमस कागद शाळांनी, सूक्ष्मदर्शक महाविद्यालयांनी आणावेत. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. उपस्थिती शुक्रवारपर्यंत कळवावी.