फ्लेक्स नकोत, बर्फ आणि लाइफ जॅकेट द्या

संपादक महोदय,

येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये पैठण, माजलगाव, येलदरी, सिद्धेश्वर आणि विष्णुपुरी अशी धरणाधरणांवरून जाणारी मासेमारीची सहल आम्ही काढत आहोत. शहरातली हौशी मंडळी आणि धरणकाठच्या भोई वस्त्यांतली तरुण पोरं, एकाच गाडीत. गळ टाकायला येणाऱ्यांना पाणी दाखवून पोरांच्या हाती चार पैसे येतात का, हे पाहायचे आहे. महिने मुद्दाम हे निवडले. थंडीत रोहू, मृगळ नीट खात नाहीत, मे महिन्यात पाणी इतके आटते की गाळ तुडवत काठ गाठावा लागतो आणि पावसाळा अंडी घालण्याचा.

प्रायोजक म्हटले की टी-शर्ट, फ्लेक्स आणि सर्वांत मोठ्या माशाला रोख बक्षीस, एवढेच सुचते. बक्षीस तर नकोच. ते लागले की परत सोडायचा मासाही कोणी सोडत नाही आणि वजनकाट्यापाशी भांडणे होतात ती वेगळीच. भारी रॉडचीही गरज नाही, ०.३५ मिलिमीटरची नायलॉन दोरी, गळ, शिसे आणि पेंडीचा गोळा एवढ्यावर काम भागते.

खरा खर्च बर्फाचा. मार्चच्या उन्हात किलोभर माशाला किलोभर बर्फ लागतो. एका मुक्कामाचा मासा ४० किलो धरला, तर वाटेत वितळणारा जमेस धरून ५० किलो बर्फ हवा. तो लादीने नको, ठेचून हवा. लादीचा कोपरा माशाला चेपतो आणि मधल्या पोकळीत मासा गरमच राहतो. पेटीच्या तळाला चार बोटे बर्फ, त्यावर मासा, पुन्हा बर्फ, आणि खालची तोटी उघडी. वितळलेल्या रक्ताळ पाण्यात बसलेला मासा लवकर वास मारतो. यासाठी ५० लिटरच्या तीन पेट्या लागतील. दोनांत बसत नाही, ठेचलेला बर्फ जागा खातो. वाटेवरच्या एखाद्या बर्फ कारखान्याने एका मुक्कामाचा बर्फ उचलला तरी मोठे काम होईल.

दुसरी गरज २५ लाइफ जॅकेटची: २० प्रवाशांची, उरलेली होडीवाल्यांची. पोहता येते म्हणून जॅकेट न घालणारे होडीवालेच जास्त. आत लिहिलेला वजनाचा आकडा पाहून घ्यावीत. सैल जॅकेट पाण्यात वर सरकते, माणूस खालीच राहतो. येलदरीत वीजनिर्मिती होते आणि पाणी कधी सुटेल याचा नेम नसतो, म्हणून धरणाखालच्या पात्रात कोणी बसणार नाही, जॅकेट असले तरी.

परवानग्यांचे आम्ही पाहतो. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांची लेखी संमती न घेता गळ टाकला तर तंटा ठरलेला. पैठणचा जलाशय, म्हणजे नाथसागर, १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे, तिथे वन विभागाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरायचे नाही. नाही म्हणाले तर पैठणला फक्त संस्थेच्या लोकांशी बोलणे होईल.

अर्ध्या किलोच्या आतली रोहू-कटला परत सोडू, त्यासाठी गळाचा उलटा दात पकडीने दाबून टाकू. चिलापी मात्र कोणत्याही आकाराची सोडणार नाही, ती आपली आपण भरमसाट वाढते. एका धरणाची जाळी, बादल्या पुढच्या धरणावर जाण्याआधी उन्हात खडखडीत वाळवायच्या, नाहीतर माशांवरच्या उवा आणि जलपर्णीचे तुकडे आपणच वाहून नेऊ. पाच धरणांच्या सहलीत हे सर्वांत कंटाळवाणे काम, आणि नेमके तेच टाळले जाते.

रोख रक्कम आम्ही घेणार नाही. डिझेल, बर्फ, जॅकेट यांचे बिल देणगीदाराने थेट दुकानदाराला द्यावे. कोणी काय दिले याची यादी प्रत्येक मुक्कामी लावू. सहल संपल्यावर जॅकेट आणि पेट्या धरणकाठच्या संस्थांकडे राहतील. मापाची जॅकेट मिळायला वेळ लागतो, तेव्हा कोणाला द्यायचीच असतील तर जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कळवावे.

– मराठवाड्यातील काही मच्छीमार व गळ टाकणारे