वाळूच्या जागी सोफा

आम्स्टेलव्हेन,
१४ ऑक्टोबर

प्रिय मंदार,

रविवारी अ‍ॅमस्टरडॅमला एका जुन्या जहाजात उतरलो आणि तुझ्या आजोबांची अशी काही आठवण आली की फोन न करता कागदच पुढ्यात ओढला.

प्रिन्सेनग्राख्ट कालव्यात 'हेंड्रिका मारिया' बांधून ठेवली आहे. १९१४ सालची. वाळू, खडी, कोळसा वाहता वाहता म्हातारी झाली आणि १९६० च्या दशकात तिचं घर झालं. १९९७ पासून संग्रहालय आहे, म्हणून आपल्यासारख्यांना आत जाता येतं. पायऱ्या उतरलो की थेट फाळक्यात, म्हणजे माल भरायच्या पोटात. जिथे वाळू असायची तिथे आता सोफा, पुस्तकं, शेगडी. चांगली ऐसपैस जागा! पण माझा पाय निघेना तो तांडेलाच्या खोलीतून. एवढ्याशा जागेत त्याचं सगळं बिऱ्हाड. झोपायला भिंतीतलं फडताळ, माझे तर गुडघेच आपटले असते. तुझी आजी म्हणायची ना, 'माल कोरडा राहिला पाहिजे; माणसं काय, भिजली तर वाळतात.' ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

खिडकी पाण्याच्या जेमतेम वर. एक बदक अगदी डोळ्यासमोरून गेलं. मागोमाग प्रवाशांची बोट गेली, तशी पायाखालची जमीन हळूच उचलली आणि बाहेर दोर करकरला.

शहरात पाण्यावरची अशी अडीचेक हजार घरं आहेत, सगळीच काही जुनी जहाजं नव्हेत. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे घरांची फार टंचाई होती, आणि त्याच सुमारास लहान मालवाहू जहाजांचं काम सुटत चाललं होतं. लोकांना छप्पर मिळालं, जहाजं भंगारातून वाचली. मात्र निगा राखावी लागते. लोखंडी तळ दर काही वर्षांनी गोदीत चढवायचा, पत्रा किती झिजलाय ते मोजायचं, पातळ झाला तिथे ठिगळ वेल्ड करायचं. आपण दरवर्षी कौलं परततो, तसंच.

मंदार, तुमचं गलबत खाडीच्या चिखलात कुजलं आणि शेवटी त्याच्या फळ्या चुलीत गेल्या. आजोबा त्या दिवशी जेवले नव्हते. कुणी त्यात नुसतं राहायला गेलं असतं तरी ते टिकलं असतं, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

त्याचं सुकाणू तुमच्या पडवीत भिंतीला टेकवलेलं असायचं. अजून आहे का? असेल तर त्याला वाळवी लागू देऊ नकोस. मे महिन्यात येतोय, आपण दोघं मिळून तेल लावू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
संजू