ओहोटीचे खडक मुलांना दाखवावेत

महोदय,

कोकणात येणाऱ्या शालेय सहलींचा समुद्र बहुतेक वेळा वाळूतल्या खेळांपाशीच संपतो आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांकडे कोणी फिरकत नाही, याची मनापासून खंत वाटते. देवमासा आणि शार्क यांची चित्रे मुलांनी पुष्कळ पाहिलेली असतात. प्रत्यक्ष पाहण्याजोगे समुद्रजीवन मात्र याच खडकांच्या खळग्यांत, घोटाभर पाण्यात असते. तिथले समुद्रफूल फुलासारखे दिसले तरी प्राणी आहे. पाणी ओसरले की ते आपले तंतू आत ओढून घेते आणि बुळबुळीत गोळा होऊन अंगातला ओलावा टिकवते. शेजारी एखादा शंख चालू लागला, तर आत खेकडा असतो. त्याचे पोट मऊ असल्याने तो गोगलगायींच्या रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. त्यामुळे किनाऱ्यावरचे शंख पिशव्या भरून नेऊ नयेत, हे मुलांना तिथेच पटते.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास ओहोटी सर्वांत दूर जाते. शाळांनी सहलीची तारीख भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ठरवावी, पावसाळा टाळावा आणि पाण्याची वेळ जाणणारा स्थानिक मच्छीमार मानधन देऊन सोबत घ्यावा. मालवणला तर 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. तिथल्या परिसरातील शाळांसाठी शिक्षण विभागाने अशी एक किनारा-भेट वार्षिक नियोजनात घ्यावी, ही विनंती.

– एक शिक्षिका, सिंधुदुर्ग