दगडी भिंती आणि राउटर

महोदय,

गेल्या महिन्यात वीज कडाडली अन् आमचा राउटर, म्हणजे घरात वाय-फाय पसरवणारा डबा, जळाला. दुकानदार म्हणाला, "चार अँटेनांचा घ्या, रेंज वाढते." घेतला. पण औशातलं आमचं घर माळवदाचं, भिंती दोन हात रुंद. नात ऑनलाइन तासाला उंबरठ्यावर बसायची. वाय-फायच्या लहरींचे दोन पट्टे: ५ गिगाहर्ट्झचा वेगवान खरा, पण जाड भिंतीत अडतो, २.४ गिगाहर्ट्झचा हळू, तरी पुढं पोचतो. हे विकतानाच सांगायला हवं. गिऱ्हाइकाला घराच्या भिंती विचारा, ही कळकळीची विनंती. ओसरीतला राउटर मधल्या खोलीत उंच फळीवर ठेवला, तेव्हा माजघरात नेट आलं. आता अडाप्टरवरचे १२ व्होल्ट बघून वीज गेल्यावर राउटर चालू ठेवणारा छोटा यूपीएसही आणलाय; बाहेरून नेट आणणारा फायबरचा डबाही त्यावरच जोडला.

— एक निवृत्त शिक्षक, औसा (जि. लातूर)